मनीप्लांट ठेवा, बाटली काढा

गेल्या पावसाळ्यात ट्रॉम्बेच्या एका गल्लीत आम्ही तापाचे रुग्ण बघत घरोघर फिरत होतो. एका घरात चौदा वर्षांची मुलगी पाच दिवसांपासून पडून होती. अंग मोडून आलेलं, डोळ्यांमागे दुखत होतं. रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला होता. तिची आई मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "ताई, आमचं घर बघा, कुठं घाण दिसते का? पिंपालासुद्धा झाकण आहे." खरंच घाण नव्हती. भांडी लखलखीत, पिंपावर ताट आणि ताटावर वीट. मग टीव्हीच्या कपाटाकडे लक्ष गेलं. तिथे निळ्या काचेच्या बाटलीत मनीप्लांट होतं. बाटलीवर मोबाइलचा टॉर्च मारला, तर आत वळवळणाऱ्या अळ्या.

मुलीला चावलेला डास याच बाटलीतून निघाला, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण अळ्या होत्या, हे त्या माउलीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तिने तिथल्या तिथे वेल उपटून फेकायला घेतला. मी म्हटलं, थांबा, वेलाचा काय दोष?

डेंग्यूचा एडिस डास गटाराच्या घाण पाण्यापेक्षा घरात आणि घराजवळ साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास बाहेर पडायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, असं आम्ही सांगतो. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी काचेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. बाटली आतून ब्रशने घासावी लागते. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जातो का? जात नाही. मुळांचा गुंताही तसाच राहतो. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं येतात, तेव्हा मनीप्लांट, शोभेचा बांबू, कुंडीखालची ताटली आणि फ्रिजमागचा ट्रे मुद्दाम तपासतात, ते याचसाठी. त्यांना दारातून परत पाठवू नका.

आता कुणी म्हणेल, दर आठवड्याला पाणी बदला म्हणायला काय जातं? आमच्याकडे नळ किती वेळ येतो ते आम्हाला माहीत. बरोबर आहे. म्हणून माझं सांगणं आहे की वेल मातीत लावा. पाणीही कमी लागतं.

तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घ्या आणि तळाला तापलेल्या खिळ्याने सात-आठ भोकं पाडा. निम्मी माती, बाकी सुकलेलं शेणखत किंवा भाजीच्या देठांचं कुजवलेलं खत आणि नारळाच्या शेंडीचा भुगा घाला. वेलाला पेरं असतात, पेरापाशी बारीक तपकिरी मूळ फुटलेलं दिसतं. त्या पेराच्या खाली कापा आणि पेर मातीत जाईल असं लावा. पान कितीही सुंदर असलं, तरी पेराशिवाय वेल वाढणार नाही. पाणी घालायचं ते बोट मातीत दोन पेरं खुपसून बघून. कोरडं लागलं तरच घाला. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी लागेल, पावसाळ्यात आठवडाभरही लागणार नाही. पानं पिवळी पडायला लागली की आपल्या बायका आणखी पाणी ओततात. बहुतेक वेळा ती जास्त पाण्यानेच पिवळी झालेली असतात. डब्याखाली ताटली ठेवायचीच असेल, तर तिच्यात रेती भरा.

हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावरचा. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा, म्हणून आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही तग धरतो. पण अगदी अंधारात पानांवरचे पिवळे पट्टे जातात आणि पानं लहान होतात. दाराजवळ ठेवा. आपल्याकडे धूळ फार, तेव्हा आठवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसा.

झाडं घरातली हवा शुद्ध करतात, हे मोबाइलवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. नासाने १९८९ साली प्रयोग केला होता, पण तो बंद पेट्यांमध्ये. घर म्हणजे बंद पेटी नव्हे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते, तेवढा परिणाम साधायला एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. आपण झोपायचं कुठे? माहूलच्या प्रदूषणाचा माणसांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मान्य केलं. त्यावर कुंडी हा उपाय नाही. तो प्रश्न कारखान्यांना आणि सरकारलाच विचारावा लागतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, झाडांनी खिडकी अडवू नका. आपल्या वस्तीत टीबी आहे. टीबीचे जंतू कोंदट खोलीत हवेत तरंगत राहतात. घरात एकच खिडकी असेल, तर ती वाऱ्याची आहे, वेलाची नाही.

घरात रांगतं मूल असेल, तर वेल उंच टांगा. मनीप्लांट आणि ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया ही अळूच्या आणि सुरणाच्या भाऊबंदांतली झाडं. अळू कच्चं राहिलं की घसा का खाजतो? त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तेच इथेही आहेत, फक्त ही पानं कशीही शिजवली तरी खायची नाहीत. मुलाने पान चावलं तर तोंडातले तुकडे बोटाने काढा, तोंड पुसा, गार पाणी किंवा दूध घोट घोट द्या. उलटी मुद्दाम काढू नका. जीभ सुजली, लाळ गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठा. चीक डोळ्यात गेला, तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धूत राहा.

आणि ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरतानाचे दोन दिवस जास्त जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यातलं काही दिसलं, तर रात्र काढू नका. त्या मुलीला असंच रात्री अकरा वाजता रिक्षात घालून नेलं होतं. बरी झाली. तिच्या घरचा वेल आता तेलाच्या डब्यात आहे.

काही बायका सांगतात, मनीप्लांट चोरून आणलं तरच पैसा येतो, तेही आग्नेयेला ठेवलं तर. पंचशीलातलं दुसरं शील म्हणणारी माणसं आपण, शेजारणीच्या दारातून फांदी तोडून कशाला आणायची? माझ्याकडे चार डबे भरून वेल आहेत. रविवारी वंदनेनंतर विहारात मागा, पेर असलेलं कलम देईन. येताना भोकं पाडलेला डबा आणा.