तिगावच्या चढावरचा क्लॅम्प

पांढुर्णा सोडून इटारसीकडे निघालेल्या मालगाडीला तिगावनंतर घाट लागतो. चिचोंड्यापर्यंतचा हा सातपुड्याचा चढ जड गाडीला एका इंजिनाने झेपत नाही, मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. दिल्ली-चेन्नई मार्गावरची ही वर्दळ रात्रंदिवस चालते आणि सगळी ताकद येते डोक्यावरच्या 25 हजार व्होल्टच्या तारेतून. डब्ल्यूएजी-9सारखं सहा हजार अश्वशक्तीचं एक इंजिन पूर्ण जोरात सुमारे दोनशे अँपिअर ओढतं. अशी तीन लागली की सहाशे.

डोक्यावरच्या या जोडणीत वर-खाली दोन तारा असतात. खालची तार इंजिनावरच्या पँटोग्राफला घासून झिजते, पण ती झीज मोजता येते. 107 चौरस मिलिमीटरची नवी तार 12.24 मिलिमीटर जाड असते, ती 8.25वर आली की उतरवायची. दर खेपेच्या मोजमापावरून ती कधी बाद होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

पीजी, म्हणजे पॅरलल ग्रूव्ह, क्लॅम्पचं तसं नाही. वरच्या आणि खालच्या तारेला जोडणारा जंपर हाच क्लॅम्प धरून ठेवतो. खोबण असलेले दोन धातूचे तुकडे, त्यांत समांतर बसवलेल्या दोन तारा आणि आवळलेले बोल्ट, एवढाच सगळा पसारा. मुठीत मावतो. बाहेरून पाहिलं तर तारा घट्ट चिकटलेल्या दिसतात. प्रत्यक्षात धातूला धातू टेकतो तो मोजक्या सूक्ष्म टोकांवर, आणि सगळा प्रवाह त्या टोकांमधूनच वाट काढतो. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅगनर होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच टोकांच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. गाडी गेली की तार थरथरते. उन्हात क्लॅम्प फुगतो, रात्री आकसतो, पावसात खोबणीत ओल शिरते. एकेक टोक निकामी होत जातं आणि उरलेल्यांवर भार वाढतो.

हिशेब साधा आहे. जोडाचा रोध शंभर मायक्रो-ओहम असेल आणि तीनशे अँपिअर वाहत असतील, तर तिथे नऊ वॅट उष्णता तयार होते, एका एलईडी बल्बाएवढी. रोध दहापट झाला की नव्वद वॅट. मुठीएवढ्या धातूत जुना शंभरचा बल्ब पेटता ठेवल्यासारखं! तापल्याने बोल्टची पकड सैल होते, पकड सैल झाली की जोड आणखी तापतो. म्हणूनच असा जोड बरीच वर्षं गप्प राहतो आणि शेवटी भराभर जातो.

हे आधी ओळखायला थर्मोव्हिजन कॅमेरा आहे. तापलेला क्लॅम्प त्यात उजळ दिसतो. पण कॅमेऱ्याला दिसतं ते त्या क्षणाचं तापमान, रोध नव्हे. पूर्ण भारावर जोड भोवतालच्या हवेपेक्षा साठ अंशांनी तापत असेल, तर निम्म्या भारावर जेमतेम पंधरा. गाडी चढावर नसताना तर तो थंडच. मेच्या दुपारी बाकीचं लोखंडही तापलेलं असतं, त्यात हे पंधरा अंश सहज लपतात. नवा चकचकीत धातू उष्णता कमी फेकतो, त्यामुळे तोही कॅमेऱ्याला खऱ्यापेक्षा थंड दिसतो. वारा सुटला की आकडा पुन्हा खाली येतो. म्हणजे तपासणाऱ्याने गाडी चढताना तिथे हजर असावं, भार किती होता ते टिपावं, आणि दुरुस्तीसाठी ब्लॉक, म्हणजे गाड्या आणि वीज थांबवण्याची मुभा, मागावा. एवढ्या वर्दळीच्या मार्गावर ब्लॉक मिळवणं हीच मोठी लढाई असते.

घाटाखालच्या संत्राबागांत तर कॅमेराही नाही. मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौंसर 2023मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नवा जिल्हा झाले. इथे विजेचं बिल हिंदीत येतं, पण लग (वायरच्या टोकाचा जोड) जळाला, जंपर उडाला, ही चर्चा मराठीतच होते. आंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेला ताण देतात, पाणी तोडतात. स्टार्टरही निजतो. मग जानेवारीत पाणी सोडायची वेळ येते आणि आसपासचे पंप एकाच सुमारास चालू होतात. पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहापट. महिनाभर गंजत पडलेल्या लगवर पहिला धक्का हाच. तीनपैकी एक जोड सुटला आणि अशा वेळी मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर नसला, तर मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळतं. वीस-तीस रुपयांच्या लगपायी बोअरमधून मोटर उपसावी लागते, तीही नेमकी झाडं फुलावर यायच्या दिवसांत.

म्हणून काही बागायतदार पाणी सोडण्याआधी मेन स्विच पाडून स्टार्टरचं झाकण उघडतात. लगजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडलंय का, कडक झालंय का, ते पाहतात आणि स्क्रू पुन्हा आवळतात. पंप तासभर चालवून, बंद करून, पुन्हा मेन पाडून तिन्ही लगवर बोट ठेवतात. दोन कोमट आणि एक चटका देणारा निघाला, तर तो तिथल्या तिथे बदलून टाकतात.