सहा मिनिटं वीस सेकंद

बालमित्रांनो, अशी कल्पना करा. शाळा सुटायला थोडाच वेळ उरलाय. दप्तर भरायची घाई चाललीये, आणि अचानक आगीच्या धोक्याची घंटा वाजते. तुम्ही म्हणता, 'अरेच्चा, सकाळीच तर कवायत झाली! पुन्हा?'

१४ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, पार्कलँड गावच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमधल्या मुलांना अगदी असंच वाटलं होतं. पण ती कवायत नव्हती. याच शाळेचा १९ वर्षांचा एक माजी विद्यार्थी रायफल घेऊन आत शिरला होता. काही मिनिटांत १४ विद्यार्थी आणि शाळेतली ३ मोठी माणसं प्राणांना मुकली.

ही रायफल त्याच्याकडे आली कुठून? चोरून नव्हे बरं का! चक्क दुकानातून, कायदेशीरपणे विकत घेतलेली. फ्लोरिडात तेव्हा बिअरची बाटली घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागायची, पण रायफल अठराव्या वर्षी मिळायची! आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. अमेरिकेत मात्र शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेतच लिहिलेला आहे. स्वसंरक्षणासाठी बंदूक हवीच, असं तिथल्या कितीतरी लोकांना मनापासून वाटतं.

दर वेळी अशी घटना घडली, की पुढारी शोक व्यक्त करतात, मेणबत्त्या पेटतात आणि मग सगळं शांत होतं. पार्कलँडची मुलं याच गोष्टीवर चिडली होती. त्यांना आठवत होतं डिसेंबर २०१२. कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत २० चिमुरडी मुलं आणि ६ मोठी माणसं अशीच मारली गेली. त्यानंतर बंदूक घेणाऱ्याची आधी नीट चौकशी व्हावी, असा प्रस्ताव २०१३ मध्ये सिनेटपुढे आला. बाजूनं ५४ मतं, विरुद्ध ४६. आता सांगा, कोण जिंकलं? गणितात पहिला नंबर असला तरी तुम्ही चुकाल! तिथल्या नियमाप्रमाणे प्रस्ताव पुढे न्यायला ६० मतं लागत होती. प्रस्ताव बारगळला.

म्हणून या मुलांनी ठरवलं, आता मोठ्यांची वाट पाहायची नाही. घटनेला आठवडाही झाला नव्हता, तोच शंभरएक विद्यार्थी बसमध्ये बसून राज्याच्या राजधानीकडे, टॅलहॅसीकडे निघाले. त्याच दिवशी तिथल्या सभागृहात, अशा रायफलींवरच्या बंदीचं विधेयक चर्चेला घ्यायचं का, यावर मतदान झालं. होय म्हणणारे ३६, नाही म्हणणारे ७१. म्हणजे बंदी राहिली दूर, नुसती चर्चासुद्धा नको!

मुलं रडली, चिडली. पण घरी जाऊन बसली नाहीत. १४ मार्चला देशभरच्या शाळांमधली मुलं वर्ग सोडून बाहेर आली आणि १७ मिनिटं उभी राहिली, प्रत्येक बळीसाठी एक मिनिट. व्हर्जिनियातल्या ११ वर्षांच्या नेओमी वॅडलर आणि तिच्या वर्गमित्रांनी १८ मिनिटं धरली. जास्तीचं मिनिट होतं अलाबामात शाळेतच गोळी लागून गेलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीसाठी. तिची बातमी कुणी फारशी छापली नाही, याचं नेओमीला वाईट वाटत होतं.

मग २४ मार्चला राजधानी वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. पार्कलँडच्याच एक्स गोन्झालेस (तेव्हाचं नाव एमा) यांनी व्यासपीठावरून मृतांची नावं घेतली आणि मग बोलणंच थांबवलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. लोक चुळबुळले, काही रडू लागले. शेवटी घड्याळाचा गजर वाजला. व्यासपीठावर येऊन ६ मिनिटं २० सेकंद झाली होती. शाळेतला तो हल्ला जेवढा वेळ चालला, तेवढीच!

या सगळ्याचा उपयोग झाला का? थोडा झाला. मोर्चाच्याही आधी, ९ मार्च २०१८ ला फ्लोरिडात नवा कायदा झाला. रायफल घ्यायचं वय २१ झालं. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या हुकमानं काढून घेता येऊ लागली. रायफलींवर बंदी मात्र आली नाही. पुढे मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डी इथल्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका बळी पडल्या. त्यानंतर जूनमध्ये साऱ्या देशासाठी कायदा आला आणि २१ वर्षांखालच्या ग्राहकांची जास्त कसून चौकशी सुरू झाली. त्याच वर्षी या मोर्चाच्या संघटनेत काम केलेला मॅक्सवेल फ्रॉस्ट हा २५ वर्षांचा तरुण फ्लोरिडातून थेट अमेरिकन संसदेवर निवडून आला!

तुमच्यापैकी कुणाची मावसबहीण, कुणाचा चुलतभाऊ अमेरिकेत शिकत असेल. त्यांना विचारून पाहा. दिवे घालवून, दार लावून, भिंतीला चिकटून गप्प बसायची कवायत बहुतेक त्यांनी केलेली असेल. आपल्याकडे भूकंपाची करतात, तशीच!

आई-बाबा, आज जेवताना हा विषय मुलांबरोबर जरूर काढा. आणि मित्रांनो, मत द्यायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात हे खरं. पण 'असं का?' हा प्रश्न विचारायला नेओमीचं अकरावं वर्षही पुरलं, नाही का?