रेस सोडली की फटाके: जुन्या दुचाकीचा कार्बोरेटर आणि सायलेन्सरमधले बार

धावत्या मोटारसायकलची रेस एकदम सोडली, गाडी गिअरमध्येच राहिली आणि सायलेन्सरमधून फट्-फट् बार निघू लागले, की मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी फटाके मारतेय’. रेस बंद झाली तरी मागचे चाक इंजिनाला फिरवतच राहते. कार्बोरेटरचा स्लाइड खाली बसलेला असतो, पिस्टन मात्र वेगाने हवा ओढत असतो, त्यामुळे इनटेकमध्ये जोरदार ओढ तयार होते. अशा वेळी मेन जेट आणि सुई यांचे काम थांबते. पेट्रोल येते ते फक्त पायलट जेटच्या बारीक छिद्रातून. मिश्रण थोडे, त्यात हवा जास्त, शिवाय आधीच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला. प्लगची ठिणगी पडते, पण मिश्रण पेटत नाही किंवा अर्धवटच पेटते. उरलेली पेट्रोलची वाफ तापलेल्या बेंड पाइपात जाते आणि तिथे ताजी हवा मिळाली की भडकते. म्हणजे बार उडायला दोन गोष्टी लागतात: न जळलेले पेट्रोल आणि पाइपात शिरलेली हवा. दुरुस्ती करताना पहिल्या गोष्टीकडे सगळ्यांचे लक्ष जाते, दुसरी बहुतेक वेळा राहून जाते.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर जवळपास नाहीसा झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पण त्याआधीच्या स्प्लेंडर, प्लॅटिना, सीटी 100, पल्सर आणि बुलेट अंबड, भोकरदन, परतूरच्या रस्त्यांवर आजही रोज धावतात. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. तो इथून दीड-दोन तासांच्या अंतरावर. मराठवाड्यात कार्बोरेटर उघडून साफ करू शकणारा मेकॅनिक त्यामुळे मोठ्या गावात हमखास सापडतो. मात्र गाडी फटाके मारते म्हटल्यावर यातल्या अनेकांचा हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो, आणि तिथेच क्रम चुकतो.

पहिली तपासणी सायलेन्सरची. बेंड पाइप जिथे इंजिनाच्या हेडला बसतो तिथे एक गास्केट असते. ते दबून गेले, किंवा बोल्ट सैल झाले, की बाहेर पडणाऱ्या वायूच्या प्रत्येक धक्क्यानंतर पाइपात क्षणभर हवेचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. खडबडीत रस्त्यावर रोज दूध किंवा भाजीचा भार वाहणाऱ्या गाडीत हे बोल्ट सैल होणे अगदी नेहमीचे. सांध्याभोवती काळी काजळी दिसली तर गळती आहे असे समजावे. इंजिन थंड असताना सांध्यावर साबणाचे पाणी लावून गाडी सुरू केली की फुगेही दिसतात. नवे गास्केट स्वस्तात मिळते, आणि बऱ्याच गाड्यांचे फटाके तेवढ्यानेच बंद होतात.

इनटेकच्या बाजूची गळती त्याहून फसवी. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारे रबर उन्हाने कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. त्यातून शिरणारी हवा कार्बोरेटरने मोजलेलीच नसते, त्यामुळे मिश्रण पातळ होते. गाडी स्लोवर असताना त्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर चीर सापडली. काही जण इथे पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर ते करू नये.

यानंतरची जागा बहुतेकांना माहीतच नसते. प्रदूषण कमी करण्यासाठी अनेक गाड्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी मुद्दाम थोडी ताजी हवा सोडण्याची सोय असते. उरलेले पेट्रोल तिथेच जळून जावे, हा हेतू. रेस सोडल्यावर हीच हवा बार उडवू शकते, म्हणून इनटेकच्या ओढीवर चालणारा एक पडदा त्या क्षणी हवा बंद करतो. या पडद्याला जोडलेली बारीक रबरी नळी तडकली किंवा निसटली, की पडदा हलत नाही, हवा चालूच राहते आणि गाडी प्रत्येक गतिरोधकाआधी फटाके मारते. नळी काही रुपयांची. ती न पाहता कार्बोरेटर खोलून बसणे म्हणजे ताप मोजायचा सोडून पायाला पट्टी बांधण्यासारखे आहे.

इतके पाहून झाले की मग कार्बोरेटर. पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, पेट्रोल उडून गेले, की त्यात डिंकासारखा थर बसतो. छिद्र जरासे अरुंद झाले तरी स्लोवरचे मिश्रण पातळ होते. जेट काढून क्लीनरने धुवावे, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावे. तार किंवा सुई घालू नये, छिद्र कायमचे मोठे होते. एअर फिल्टरही नीट हवा. तो धुळीने भरला तर मिश्रण उलट दाट होते, पण फाटला किंवा काढून टाकला तर पातळ. सायलेन्सर बदलून फिल्टर उघडा ठेवण्याची हौस ज्यांना असते, त्यांच्या गाड्या याच कारणाने बार काढतात.

स्क्रूची पाळी सगळ्यांत शेवटी, आणि तो फिरवण्याआधी तो कुठे आहे ते पाहावे लागते. स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा मिककार्ब कार्बोरेटर असा आहे. स्क्रू इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा. बाहेर फिरवला की जास्त पेट्रोल जाते. पडद्यावर चालणाऱ्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे नंतरच्या 350 सीसी बुलेटमध्ये, हा प्रकार असतो. दोन्ही स्क्रूंची चाल उलटी असल्याने चुकीच्या दिशेने फिरवून फटाके वाढवून घेणारे कमी नाहीत.

गाडी आधी पाच-सात किलोमीटर चालवून गरम करावी. थंड इंजिनावर केलेले ट्यूनिंग टिकत नाही. स्क्रू हलक्या हाताने आत बसवताना किती फेरे झाले ते लिहून ठेवावे, मग तिथून दीड-दोन फेरे बाहेर आणावा. जोराने कसला तर त्याचे टोक आणि बसण्याची जागा दोन्ही खराब होतात. पुढे पाव-पाव फेरा फिरवत इंजिनाचा वेग सगळ्यात जास्त कुठे होतो ते शोधायचे, स्लोचा स्क्रू सैल करून वेग परत उतरवायचा आणि तीच क्रिया पुन्हा करायची. वेग सर्वांत जास्त होतो त्या जागेपासून पाव फेरा दाट बाजूला ठेवला की रेस सोडल्यावरचे मिश्रण पेटण्याजोगे राहते. मिश्रणाचा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर आणूनही फरक पडत नसेल, तर पायलट जेट एक नंबर मोठे लागते.

गेल्या काही वर्षांत या हिशेबात पेट्रोलही आले आहे. 2022 मध्ये देशातल्या पेट्रोलमधले इथेनॉल 10 टक्क्यांवर गेले आणि 2025 पर्यंत 20 टक्क्यांवर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. जेटचे छिद्र तेच राहिल्याने शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण सुमारे सात टक्के पातळ पडते. पूर्वी न वाजणारी गाडी आता वाजू लागली, याला हे एक सरळ कारण आहे. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर पेट्रोल वाढवून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही.

ऋतूचाही वाटा असतो. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीसाठी जेट बदलावे लागत नाही. पण मे महिन्यातली 42 अंशांची हवा आणि डिसेंबरच्या पहाटेची 10 अंशांची हवा यांच्या घनतेत सुमारे 11 टक्क्यांचा फरक पडतो. थंड हवा जड, म्हणून हिवाळ्यात तीच गाडी जास्त पातळ चालते. उन्हाळ्यात अगदी काठावर ट्यून केलेल्या गाडीचे फटाके थंडीत परत येतात, ते यामुळे. हिवाळ्याच्या सुरुवातीला स्क्रू पाव फेरा दाट करणे पुरते.

दाट करण्यालाही मर्यादा आहे. फटाके बंद होईपर्यंत पेट्रोल वाढवत गेले तर मायलेज घसरते, प्लग काळा पडतो आणि गाडी पीयूसीत नापास होते. 2000 नंतरच्या, बीएस-4 पूर्वीच्या चार-स्ट्रोक दुचाकींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएम इतकीच मुभा आहे. बुलेटवर मुद्दाम बार काढणारे सायलेन्सर बसवण्याची गोष्ट वेगळी. तिथे बिघाड नसतो, हौस असते, आणि मोटार वाहन कायद्यातल्या ध्वनिप्रदूषणाच्या तरतुदीखाली पोलीस कारवाई करतात ती तिच्यावर.

सगळे करूनही फटाके राहिले तर टॅपेट तपासावेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट कमी झाली की तो पूर्ण बसत नाही आणि जळते मिश्रण पाइपात निसटते. प्लगची ठिणगी कमजोर असेल तरीही अर्धे मिश्रण न जळता बाहेर जाते. अजिंठ्याच्या घाटासारख्या लांब उतारावर, जिथे चाक इंजिनाला बराच वेळ फिरवते, तिथे अगदी नीट ट्यून केलेली जुनी गाडीही एखाद-दुसरा हलका बार काढते. तेवढा आवाज कार्बोरेटरच्या रचनेतच आहे, त्यासाठी पुन्हा स्क्रूला हात लावायची गरज नसते.