जलपर्णी सोडायची की काढायची?



गेल्या महिन्यात मंडळाकडे एक पत्र आले. आपल्या एका सभासदांचे थोरले बंधू सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहेत. गावच्या तळ्याला सांडपाण्याचा ओढा येऊन मिळतो. पाणी हिरवेगार झाले आहे, गुरेदेखील तोंड लावत नाहीत. गुरुजींनी लिहिले होते, "जलपर्णी पाणी शुद्ध करते, नासानेही ती वापरली, असे वाचनात आले. ती तळ्यात सोडून कडेने कुंपण घालण्यासाठी मंडळाने १,५०० डॉलरची मदत करावी." कार्यकारिणीत रसायनशास्त्रवाले म्हणून हे पत्र आमच्या गळ्यात पडले. पैसे सर्वांचे आहेत, तेव्हा उत्तरही सर्वांसमोर ठेवत आहोत.

पुण्याच्या मंडळींना एव्हाना हसू फुटले असेल. मुळा-मुठा आणि पवनेच्या पात्रावर पसरलेला तो हिरवा गालिचा आणि त्याबरोबर येणारे डास त्यांनी पाहिले आहेत. तिथे जलपर्णी काढायला पैसे लागतात आणि इथे सोडायला पैसे मागतात, हे कसे?

खरे तर गुरुजींचे वाचन चुकीचे नाही. नासाचे शास्त्रज्ञ बिल वुल्व्हर्टन यांनी १९७०च्या दशकात मिसिसिपी राज्यात सांडपाण्याच्या तलावांवर जलपर्णी वाढवली आणि पाणी पुष्कळ स्वच्छ झाले. पण तिथे तलाव आखलेले होते, येणारे पाणी मोजलेले होते आणि वाढलेली जलपर्णी काढून घेत असत. बातमी गावापर्यंत पोचताना हा शेवटचा भाग वाटेत गळतो. पुढे कडाक्याच्या थंडीत जलपर्णी मरते ही अडचण आली, म्हणून त्यांनी खडीच्या थरात लावलेल्या वनस्पतींकडे लक्ष वळवले.

आता थोडे रसायनशास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही!

सांडपाण्यात मुख्यतः सेंद्रिय घाण, नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. त्यातले बरेचसे काम झाड करीत नाही, मुळांवर राहणारे जीवाणू करतात. आपल्या गणेशोत्सवात टाळ्या रंगमंचाला मिळतात आणि राबतात स्वयंपाकघरातली मंडळी, तसेच हे. जीवाणू घाण खातात, अमोनियाचे नायट्रेट करतात. जिथे प्राणवायू नसतो तिथे दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. म्हणजे नायट्रोजनला बाहेर जायला दार आहे. फॉस्फरसला ते दार नाही. तो एक तर गाळात बसतो, नाही तर झाडात जातो. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही नाहीसे होत नाहीत, ते पाण्यातून निघून मुळांत जाऊन बसतात.

मुद्दा इथेच आहे. झाड म्हणजे केराची सुपली. केर सुपलीत भरला, पण सुपली घरातच उलटी केली, तर घर झाडले असे कोण म्हणेल? जलपर्णी तळ्यातच मेली आणि कुजली की साठवलेले बरेच काही पुन्हा पाण्यात येते. शिवाय कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. जिवंत असतानाही ती पृष्ठभाग झाकून ऊन आणि हवा अडवते.

वाढीचा वेगही लक्षात घ्या. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. आज दहा रोपे सोडली आणि हाच वेग टिकला, तर वीस आठवड्यांत ती १०,२४० होतील. ओल्या जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, म्हणजे काढायचे ओझे केवढे! ते उचलणार कोण, टाकणार कुठे आणि मजुरी कोण देणार? पत्रात याबद्दल एक ओळही नव्हती.

मग वनस्पतींनी पाणी स्वच्छ करायचेच नाही का? तसे मुळीच नाही. मेमोरियल डेच्या सुट्टीत आमची तीन कुटुंबे डबे बांधून उत्तर कॅलिफोर्नियातल्या आर्केटा गावी गेली होती. या गावाचे सांडपाणी १९८६ पासून पाणथळीतून फिरवून स्वच्छ केले जाते. आधी गाळ खाली बसवतात, मग उघड्या तळ्यांत ऊन-हवा देतात, त्यानंतर पाणकणीस आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींतून पाणी सावकाश जाऊ देतात, आणि निर्जंतुक करून मग हंबोल्ट उपसागरात सोडतात. लोक तिथे पक्षी बघायला येतात! आमची धाकटी विचारत होती, "हे गटाराचं पाणी? मग वास कुठंय?" तिला उत्तर देताना आमच्याच लक्षात आले, की पाणथळ ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या गाळून चालत नाही.

आपल्याकडेही हे शहाणपण नवे नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेश आहे. शहराच्या सांडपाण्यावर तिथे मासे वाढवतात. मच्छीमार जलपर्णी ठेवतात, पण तळ्याच्या कडेने, आवरून. नागपूरच्या नीरी संस्थेने खडीच्या थरात पाणकणीस, कर्दळ वगैरे लावून सांडपाणी शुद्ध करण्याची 'फायटोरिड' पद्धत विकसित केली आहे. आणि आपल्या आज्या मोरीचे पाणी परसातल्या अळूला, केळीला आणि कर्दळीलाच सोडायच्या ना? फक्त त्याला मोठे नाव नव्हते.

तेव्हा आमचे मत असे. जलपर्णी सोडण्यासाठी मंडळाने पैसे देऊ नयेत. पण गुरुजींना नुसता नकारही देऊ नये. पहिला हप्ता पाण्याच्या तपासणीसाठी द्यावा. ओढ्यात एखाद्या कारखान्याचे पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. मग कापलेली झाडे गुरांना घालता येणार नाहीत की खत म्हणून शेतात टाकता येणार नाहीत, आणि ते पाणी कारखान्यातच अडवायला हवे. फक्त घरगुती सांडपाणी असेल, तर ओढा तळ्याला मिळण्याआधी गाळ बसण्याची टाकी आणि त्यापुढे खडीचा वाफा करावा, त्यात पाणकणीस आणि कर्दळ लावावी. थंड युरोपात अशा वाफ्याला माणशी सुमारे ५ चौरस मीटर जागा धरतात. उष्ण हवेत त्याहून कमी पुरते. दुसरा हप्ता गावाने जागा दिल्यावर द्यावा, आणि त्यातला काही भाग झाडे कापण्याच्या आणि गाळ उपसण्याच्या मजुरीसाठी राखून ठेवावा.

हे सर्व आम्ही गुरुजींना फोनवर सांगितले. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, कुंपण दाखवून फोटो काढता आला असता. मजुरीचा फोटो कसा काढायचा?" आम्हालाही उत्तर सुचले नाही. देणगी देणाऱ्यांना उद्‌घाटन आवडते, ते गुरुजींना पुरते ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न आपल्यालाच विचारतो: ज्याचा फोटो निघत नाही, अशा कामासाठी दर वर्षी थोडे थोडे पैसे द्यायची आपली तयारी आहे का?

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेत आहोत. आपले मत जरूर मांडा. स्थापत्य अभियंते असलेल्या सभासदांनी वाफ्याचा आराखडा करून दिला तर फारच उत्तम. चहा आणि बटाटेवडे नेहमीप्रमाणे आहेतच!