संगणकाचें घड्याळ

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर कोपऱ्यांत जें घड्याळ असतें, तें दुपारीं '१५:४५' दाखवूं लागलें कीं, घरीं पावणेचार ऐकण्याची संवय असलेला विद्यार्थी 'घड्याळ बिघडलें' म्हणून मोकळा होतो. परंतु वेळ चुकणें आणि वेळेचें रूप निराळें दिसणें, या अगदीं भिन्न गोष्टी आहेत.

संगणक आपल्या पोटांत १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच येथील मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद मोजीत असतो. त्यांचे तास-मिनिटें करून दाखविणें हें पडद्यावरील घड्याळाचें काम. एक्सएफसीई या मांडणींत घड्याळावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडल्यास त्यासाठीं सांकेतिक ओळ लिहितां येते. तींत शेकडा-चिन्हापुढें रोमन लिपींतील मोठा 'एच' म्हणजे चोवीस तासांची रीत, मोठा 'आय' म्हणजे बारा तासांची, व लहान 'पी' म्हणजे सकाळ-दुपारची खूण. मोठा 'एम' मिनिटें दाखवितो. लहान 'एम' मात्र महिना! ही चूक मोठी फसवी. नोव्हेंबरांत असें घड्याळ नऊ वाजून अकरा, दहा वाजून अकरा, असेंच महिनाभर सांगत राहतें. आणि नेमकें अकराव्या मिनिटाला पाहणाऱ्यास तें बिनचूकहि वाटतें! 'पी' लिहूनहि खूण उमटली नाहीं, तर भाषा व प्रदेश यांची निवड पाहावी. चोवीस तास रूढ असलेल्या कित्येक देशांच्या निवडींत ती जागा कोरीच असते.

वेळच चुकली असेल तर प्रथम फरक मोजावा. तो बरोबर साडेपांच तासांचा निघाल्यास यंत्राला दोष देऊं नये. एकाच संगणकावर विंडोजहि असल्यास ती प्रणाली आंतील बॅटरीवरच्या घड्याळांत स्थानिक वेळ लिहून ठेविते. लिनक्स तीच ग्रिनिचची समजते व आणखी साडेपांच तास मिळविते. दोघींस एकच रीत लावून दिली म्हणजे तंटा मिटतो.

मुंबईला असा तंटा नवा नाहीं. १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश पूर्व रेखांशाची प्रमाणवेळ सरकारनें सुरू केली. मुंबई त्याच्या पश्चिमेस पावणेदहा अंशांच्या आंत-बाहेर, आणि दर अंशास ४ मिनिटें. म्हणून शहराची स्वतःची वेळ ३९ मिनिटें मागें. ती येथें १९५५ पर्यंत चालू राहिली, तेव्हां गिरगांवांत वा परळांत 'कोणत्या वेळेनें?' हा प्रश्न रास्तच होता. लिनक्सच्या कालविभागांच्या मूळ यादींत मात्र मुंबईचें नांवच नाहीं. आशियाखालीं 'कोलकाता' निवडावें, वेळ तीच आहे.