पंचांचे राज्य आणि एका तरुणाचा प्रश्न

मे २०१९ मध्ये अंबरनाथ येथे एका वृद्धेचे निधन झाले. अशा प्रसंगी जात धावून येते, हा कंजारभाट समाजाचा लौकिक. परंतु या घरच्या अंत्ययात्रेकडे समाजाने पाठ फिरविली. जातपंचायतीच्या आदेशावरून वर्षभर आपल्या कुटुंबाशी संबंध तोडण्यात आले आहेत, अशी तक्रार त्या वृद्धेचा नातू विवेक तमायचीकर याने पोलिसांत नोंदविली आणि चौघांवर सामाजिक बहिष्काराच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कुटुंबाचा अपराध कोणता? नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची रूढी त्याने नाकारली होती.

ही रूढी थोडक्यात सांगावी अशीच आहे. विवाहानंतर वधूवरांना एका खोलीत पाठविले जाते, बिछान्यावर पांढरे वस्त्र अंथरले जाते आणि त्यावर रक्ताचा डाग दिसतो की नाही, यावरून वधूचे चारित्र्य ठरते. पुढे भर पंचायतीत वराला विचारले जाते की, 'माल' खरा की खोटा? या एका शब्दातच स्त्रीचे स्थान स्पष्ट होते. 'खोटा' असे उत्तर आले, तर त्या मुलीच्या वाट्याला अपमान, मारहाण किंवा मोडलेले लग्न येते.

बाहेरच्या माणसाला प्रथम या समाजातील शिस्तच दिसते. तंटा झाला तर पंच बसतात, निवाडा देतात, दंड ठरवितात. वकिलाची फी नाही की वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. लग्न जुळविणे, अडीअडचणीला उसनवारी, आजारपणात सोबत, मृत्यूनंतर खांदा हे सारे जातीतल्या जातीत भागते. या घट्टपणाला इतिहासही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला, त्यांत हा समाजही होता. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला. तरी पोलीस आणि शेजारी यांच्या नजरेतला संशय गेला नाही. ज्यांना सरकारी न्यायालय म्हणजे आरोपीचा पिंजराच ठाऊक, त्यांनी आपले न्यायालय आपल्या अंगणात उभारले, यात नवल नाही. पंचायतीने समाजाला तगविले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु जी संस्था तगविते, तीच पुढे किंमत वसूल करू लागते. न्यायाधीश, कोतवाल आणि खजिनदार ही तिन्ही कामे एकाच मंडळीकडे असली, की दाद मागावयाची ती कोणाकडे? १९९६ साली कृष्णा व अरुणा इंद्रेकर या दांपत्याने ही परीक्षा नाकारली आणि दीर्घकाळ बहिष्कार सोसला. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी प्रश्न पुन्हा विचारला गेला, तो टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकणाऱ्या विवेककडून. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. मग शयनगृहाच्या दाराशी पंच कसे, असा त्याचा साधा प्रश्न होता. 'स्टॉप द व्ही रिच्युअल' या नावाने व्हॉट्सॲपवर समवयस्कांचा एक गट जमला. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीतील एका विवाहसमारंभात या गटातील तीन तरुणांना मारहाण झाली. विवेकने त्याच वर्षी ही परीक्षा न देता विवाह केला, आणि ऑक्टोबरमध्ये पिंपरीतील दांडियात त्याच्या पत्नीचा सहभाग नको म्हणून खेळच थांबविण्यात आला. प्रश्नाला उत्तर नसले की प्रश्नकर्त्यालाच वाळीत टाकावयाचे, ही बंदिस्त समाजांची जुनी रीत.

या प्रकरणात सुशिक्षितांनी 'त्या लोकांच्या' मागासलेपणावर बोट ठेवून मोकळे होऊ नये. कौमार्याची लक्षणे हा भाग महाराष्ट्रातील वैद्यकीय अभ्यासक्रमात अधिकृतपणे शिकविला जात होता. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो वगळला २०१९ साली. अशा चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले. बलात्कारपीडितेवरील 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गैर ठरविली, तरी ती सुरूच राहिल्याने २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. वस्तीत पांढरे वस्त्र, तर रुग्णालयात रबरी हातमोजे. मागची समजूत एकच होती.

कायद्याची वाटही सोपी नव्हती. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला. धार्मिक संप्रदायांच्या स्वातंत्र्याला बाध येतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरविला. २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा संमत केला. जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

परंतु कायद्याची मर्यादा अंबरनाथच्या त्या अंत्ययात्रेने दाखविली. बहिष्कृत माणूस विमा, पतपेढी, विवाहमंडळ आणि शेजार या साऱ्यांना एका दिवसात मुकतो. ज्याच्या सर्व गरजा एकाच दुकानातून भागतात, त्याला दुकानदाराशी वाद घालणे परवडत नाही. म्हणून जातीतील शांतता ही संमती समजणे चूक आहे. पुष्कळदा ती केवळ हिशेबी माणसाची चुप्पी असते. समाज किती सुव्यवस्थित आहे, याची खरी कसोटी तेथे भांडणे किती झटपट मिटतात ही नसून, विसाव्या-पंचविसाव्या वर्षी 'हे का?' असे विचारणाऱ्याला किती किंमत मोजावी लागते, ही आहे.

ही किंमत कमी करणे पंचांच्या हाती नाही, तशी त्यांची इच्छाही नाही. ते इतरांच्या हाती आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा बाहेरून आलेल्यांनीच वसविलेला. फाळणीत सर्वस्व गमावलेले सिंधी निर्वासित उल्हासनगरच्या लष्करी छावणीत आले. अंबरनाथ-बदलापुरात नोकरी आणि परवडणारे घर शोधत लाखो आले. गावच्या पंचांची नजर मागे टाकण्याची सोय, हेच अशा शहरांचे माणसाला दिलेले मोठे देणे. परंतु लोकलच्या डब्यात रोज खांद्याला खांदा लावून उभे राहणारे शेजारी मृत्यूच्या दारी 'तो त्यांच्या जातीचा प्रश्न' म्हणून अलिप्त राहणार असतील, तर ते शहर नव्हे, शेजारी शेजारी मांडलेली खेडी होत.

शिक्षकाला वर्गातील अशा मुलीचे अचानक ठरलेले लग्न कळते. कार्यालयातील कारकुनाला आपल्या सहकाऱ्याच्या घरी कोणी येत-जात नाही, हे दिसते. विद्यार्थ्यांना तर आपल्या मित्राचे मन सर्वांआधी ठाऊक असते. भाषणे कोणी मागितलेली नाहीत. लग्नाला जाणे, साक्षीदार म्हणून सही करणे, तक्रार नोंदविताना पोलीस ठाण्यात सोबत बसणे आणि वेळ आली तर तिरडीला खांदा देणे, एवढे पुरे आहे. बहिष्काराची शिक्षा न्यायालय देईल तेव्हा देईल. बहिष्कार निष्फळ ठरविणे मात्र शेजाऱ्यांनाच शक्य आहे.