काटा हलत नाही, पण पोट ऐकतं

रोज चालूनही वजनकाटा हलत नाही, ही तक्रार बेलपाड्यातही ऐकू येते. काट्यावर फार विसंबू नये. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण ‘लॅन्सेट’मधल्या २००४च्या नोंदीनुसार चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! अशी छुपी चरबी, विशेषतः पोटातली, मधुमेहाला आवतण देते.

व्यायाम करताना स्नायू ‘इंटरल्यूकिन-६’ हा संप्रेरकासारखा निरोप्या रक्तात सोडतात. चरबीच्या पेशी मग साठा मोकळा करतात. डेन्मार्कमध्ये पोट सुटलेल्यांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. निष्कर्ष २०१९मध्ये आले: पोटातली चरबी घटली. हा निरोप अडवणारं औषध दिलेल्यांची मात्र, तेवढीच सायकल चालवूनही, घटली नाही.